नववी अ: गप्प बसणाऱ्या वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर भागातली एक अनुदानित, मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

नववी अ चा पट ५४. त्यातले ३१ जण पाचवीपासून याच शाळेत शिकलेले. १४ जण महापालिकेच्या शाळेतून आठवी करून आलेले. यांच्यातली बरीच घरं खानदेशातून औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली, घरात अहिराणी बोलणारी. उरलेले ९ जण पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतले, शहरातल्या वसतिगृहात राहणारे, घरची बोली कोकणा. हजेरीपटावर ही एकच तुकडी होती. मधल्या सुट्टीत डबे उघडले की तीन दिसायच्या.

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. गणिताच्या तासाला संच चालू होते. महापालिकेच्या शाळेतून आलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माले समजनं नही." वर्ग हसला. बाईही हलकंसं हसल्या, "माले नाही, मला म्हणायचं," असं सांगितलं आणि उदाहरण पुन्हा समजावलं. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या बाकावर कर्कटकाने 'माले' असं कोरलेलं होतं. तेच त्याचं नाव पडलं. त्यानंतर ऑगस्टपर्यंत २३ नव्या मुलांपैकी कोणीही कुठल्याही तासाला स्वतःहून प्रश्न विचारल्याचं एकाही शिक्षकाला आठवत नव्हतं.

अडचण काय होती

तक्रार पुढे आली ती गोंगाटाची नव्हे, शांततेची. विज्ञान शिकवणाऱ्या वर्गशिक्षिका "कळलं का?" असं विचारायच्या आणि सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा. वह्या तपासल्या की निम्म्या वह्यांत फळ्यावरचंच उतरवलेलं, तेही अर्धवट. एका तासाला बोलणारे जास्तीत जास्त ६-७ जण, आणि रोज तेच. बाकी कोणी तोंड उघडलं की कुठून तरी "ओ हुश्शार!" यायचं आणि पाठोपाठ हशा.

दुसरी खूण जलसुरक्षेच्या प्रकल्पात सापडली. विषय नासर्डी, म्हणजे आताची नंदिनी नदी. प्रत्येकी ६ जणांचे ९ गट. गट मुलांनीच पाडायचे ठरलं, त्यामुळे मित्र-मित्र एकत्र आले आणि उरलेल्यांना जिथे जागा होती तिथे घातलं गेलं. गुण गटाला एकत्र. प्रकल्पाच्या ९ वह्या आल्या, त्यातल्या ७ वह्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच हस्ताक्षर. लिहिणाऱ्या बहुतेक मुली. त्या चिडलेल्या होत्या, आणि वसतिगृहातल्या मुलांना सरळ 'कामचोर' म्हणत होत्या.

मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की ओढणारे हात वाढले की दर माणशी जोर कमी पडतो. १९१३ साली ते प्रसिद्ध झालं. आपला जोर वेगळा मोजला जात नाही हे कळलं की हात ढिला सोडणं माणसाला सोपं जातं. एकत्र गुणांचा प्रकल्प म्हणजे तोच दोर. पण इथे आणखी एक साधी गोष्ट होती, जी कोणी विचारलीच नव्हती. शाळा सुटायची साडेपाचला, वसतिगृहात हजेरी सहाला. रविवारी बाहेर पडायचं तर पालकाची सही हवी, आणि पालक सुरगाण्यात. गट जमायचे ते रविवारी सकाळी, कोणाच्या तरी घरी. त्या ९ जणांना 'कामचोर' ठरवलं ते वसतिगृहाच्या फाटकाने.

पहिला उपाय आणि तो का फसला

ऑगस्टमध्ये वर्गशिक्षिकेने सगळ्यात सोपा उपाय केला. जागा बदलल्या, हजेरी क्रमांकाने बसवलं. हेतू सरळ होता: टोळकी फुटतील, सगळे मिसळतील.

झालं उलटंच. या शाळेच्या हजेरीपटात जुन्या मुलांची नावं आधी होती आणि नवीन प्रवेशांची शेवटी. वर्गात ९-९ बाकांच्या तीन रांगा. क्रमांक १ पासून पुढून मागे भरत गेल्यावर पहिली रांग जुन्यांची, दुसरीचा पुढचा भाग जुन्यांचा, आणि दुसरीचा मागचा भाग व खिडकीकडची अख्खी तिसरी रांग नव्यांची. जी फट आत्तापर्यंत डब्यांपुरती होती ती आता शिक्षकांच्या टेबलावरूनही दिसायला लागली. तिसऱ्या रांगेला आठवडाभरात 'जनरल डबा' हे नाव पडलं. तीन आठवड्यांनी हा उपाय गुंडाळला.

वर्गात नेमकं काय चाललंय

गणेशोत्सवाच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षिकेने दोन गोष्टी केल्या. पहिली, सहकाऱ्यांची परवानगी घेऊन दुसऱ्यांच्या ६ तासांना मागे बसून टिपण ठेवलं. कागदावर वर्गाचा नकाशा, आणि प्रत्येक टोमण्याला तीन खुणा: कोणी मारला, कोण हसलं, कोणी मान खाली घातली.

मुख्याध्यापकांसह सगळ्यांचा समज होता की हे मागच्या बाकावरच्या पाच जणांचं काम. ६ तासांत ३४ टोमणे नोंदले गेले. त्यातले त्या पाच जणांचे फक्त ६. निम्म्याहून जास्त आले तिसऱ्या ते पाचव्या बाकावरून, म्हणजे ज्यांना ना हुशारीची प्रतिष्ठा, ना दादागिरीची, अशा मधल्या मुलांकडून. आणि टोमणा मारून झाला की मारणारा आधी मागे वळून बघायचा: मागचे हसले का? हसले तर पुढच्या पाच मिनिटांत दुसरा यायचा, नाही हसले तर तो तिथेच विरायचा. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या छळात छळणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून बळ देणारे, बाजूला राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे अशा भूमिका मांडल्या. या वर्गात सगळा व्यवहार हसून बळ देणाऱ्यांवर चालला होता.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. समाजमिती म्हणून ओळखली जाणारी ही रीत मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात रुजवली. प्रत्येकाने तीन प्रश्नांना तीन-तीन नावं लिहायची: प्रकल्पात कोण हवं, गणित अडलं तर कोणाला विचाराल, डबा कोणासोबत खाता. 'कोण नको' हा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही. शाळेत तो ठेवूच नये, कारण तो वाचूनच मुलं नकोशांची यादी मनात तयार करतात.

प्रकल्पाच्या प्रश्नाला ३१ जुन्या मुलांनी मिळून ९३ नावं लिहिली, त्यात नव्यांची ७. अकरा जणांचं नाव एकाही चिठ्ठीत नव्हतं. ८ नवे, आणि ३ जुन्या मुली. या तिघींकडे चार वर्षांत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण त्रास न देणारी मुलगी आपल्याकडे 'गुणी' म्हणून सोडून दिली जाते.

सर्वांत अनपेक्षित निघाला मागच्या पाच जणांचा म्होरक्या. डब्याच्या प्रश्नात सर्वाधिक, १९ चिठ्ठ्यांत त्याचं नाव होतं, आणि त्यातल्या ५ वसतिगृहातल्या मुलांच्या. तो त्यांच्यासोबत कबड्डी खेळायचा. तिन्ही डब्यांत ज्याची ऊठबस होती असा वर्गातला तो एकटाच मुलगा.

इथेच एक चूक झाली. ५४ चिठ्ठ्यांची मोजदाद वेळखाऊ, म्हणून ऑफ तासाला वर्गशिक्षिकेने मॉनिटरला मदतीला बसवलं. मधल्या सुट्टीपर्यंत 'झिरोवाले' कोण ते वर्गभर झालं होतं. त्या तीन मुलींपैकी एक पुढचे चार दिवस शाळेत आली नाही.

पर्याय

सप्टेंबरअखेरच्या बैठकीत मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, गणिताच्या बाई आणि संस्थेचे एक पदाधिकारी होते. खरी चर्चा एकाच पर्यायावर झाली: मागच्या पाच जणांना ब तुकडीत हलवायचं. ते करणं सोपं, पालकांना दाखवता येण्यासारखं आणि एका दिवसात होणारं. मुख्याध्यापकांचा कल तिकडेच होता. टिपणाचा कागद आणि चिठ्ठ्यांचा तक्ता टेबलावर नसता तर तोच निर्णय झाला असता. तक्त्याचं म्हणणं होतं की हा मुलगा गेला तर टोमणे मारणारे जागच्या जागी राहतील आणि नव्या मुलांचा एकमेव दुवा जाईल. शिवाय ब तुकडीत हे पाच जण 'काढून टाकलेले' म्हणून, म्हणजे डोक्यावर तुरा लावूनच पोहोचले असते.

पालकांना बोलावून लेखी समज द्यायचा पर्याय लवकर बाद झाला. समज कोणाला द्यायची, हसणाऱ्या चाळीस जणांना? हुशार-कच्चे अशी जोडी लावायची सूचना गणिताच्या बाईंची होती. त्यात अडचण अशी की 'कच्चा' ही पाटी शाळेनेच लावल्यासारखी होते.

शेवटी ठरलं ते असं: माणसं हलवायची नाहीत, काम हलवायचं. प्रश्नोत्तराची रीत बदलायची आणि गटात एकाचं दुसऱ्यावाचून अडेल अशी रचना करायची. सुरुवात फक्त विज्ञानात, दिवाळीपर्यंत. गणिताच्या बाईंनी "आधी तुमचं बघू" म्हणून थांबायचं ठरवलं. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा प्रश्न होता की अभ्यासक्रम वेळेत संपणार का. तो रास्त होता.

काय केलं

पहिला बदल हात वर करण्याच्या पद्धतीत. प्रश्न विचारल्यावर अर्धा मिनिट सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं, मिनिटभर शेजाऱ्याशी ताडून पाहायचं, मग बाई बाक क्रमांकाची चिठ्ठी काढणार आणि उत्तर "आमच्या बाकाचं उत्तर" म्हणून यायचं. चुकलं तर बाक चुकला. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखताना बाकीचे सगळे ठरवून चुकीचं बोलत, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळत. पण बरोबर बोलणारा एक जरी सोबती मिळाला की ते प्रमाण झपाट्याने उतरे. बाकावरचा शेजारी हा तो सोबती. नव्या-जुन्यांच्या जोड्या लावताना डब्याच्या चिठ्ठ्या वापरल्या: ज्यांच्यात आधीच थोडीफार ओळख आहे तेच एका बाकावर.

मुलांपेक्षा बाईंनाच हे अवघड गेलं. गप्प राहणं जमेना. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं होतं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतो, आणि तीन सेकंद थांबला तरी उत्तरं लांबतात, बोलणारे वाढतात. बाई मनातल्या मनात आकडे मोजायला लागल्या.

दुसरा बदल जिगसॉ पद्धतीचा. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ती वापरली, तेव्हा तिथल्या शाळांत वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि वर्ग धुमसत होते. धड्याचे भाग करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच भाग द्यायचा. सारखा भाग मिळालेल्यांनी एकत्र बसून, म्हणजे तज्ज्ञगटात, तो पक्का करायचा आणि आपल्या गटात परत येऊन शिकवायचा. पुस्तक बंद. ज्याच्याकडे तो भाग आहे त्याचं ऐकल्याशिवाय इतरांचं चालत नाही.

ऑक्टोबरमधला पहिला प्रयत्न सपशेल फसला. धडा निवडला 'आम्ल, आम्लारी व क्षार'. हा धडा जिन्यासारखा आहे: आयन कळल्याशिवाय उदासिनीकरण कळत नाही, उदासिनीकरणाशिवाय क्षार नाही. ज्याला चौथा भाग मिळाला तो पहिल्या तिघांवाचून काही समजावूच शकेना. त्यात तास ३५ मिनिटांचा, त्यातली १० मिनिटं बाक सरकवण्यात गेली. ६ जण तीन बाकांवर बसले तर तिसऱ्या बाकाला ऐकू येईना. प्रत्येक गटात पुस्तक उघडून एकाने मोठ्याने वाचलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

दिवाळीनंतर सगळं नव्याने मांडलं. धडा 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव'. याचे तुकडे एकमेकांवाचून उभे राहतात: दह्यातले लॅक्टोबॅसिलाय, कडधान्याच्या मुळांवरचे रायझोबियम, किण्व, प्रतिजैविकं, बुरशीचे उपद्रव आणि क्लॉस्ट्रिडियममुळे होणारी अन्नविषबाधा. सहा भाग, ६ जणांचे ९ गट. एकाच भागाचे ९ जण एकत्र बसले तर दोघे बोलतात आणि सात ऐकतात, म्हणून प्रत्येक तज्ज्ञगट ४ आणि ५ असा फोडला. दोन तास सलग मागून घेतले, ७० मिनिटं: ५ सूचना, १० स्वतः वाचन, १५ तज्ज्ञगट, प्रत्येकी ४ प्रमाणे २४ शिकवणं, १० चाचणी, आणि ६ मिनिटं उठण्या-बसण्याची. पाच गट वर्गात, चार व्हरांड्यात सतरंजीवर.

गैरहजेरी ही या पद्धतीची दुखरी नस. एक मुलगा आला नाही की गटाच्या धड्याला भोक पडतं. त्यासाठी प्रत्येक भागाचा अर्ध्या पानाचा गोषवारा बाईंजवळ असायचा, आणि ज्या गटात माणूस नाही तिथे त्याच भागाचा दुसऱ्या गटातला तज्ज्ञ जाऊन शिकवायचा.

गुणांची रीतही बदलली. शेवटची १० गुणांची चाचणी ज्याची त्याने द्यायची. गटाला शाबासकी मिळायची ती प्रत्येकाने आपल्याच मागच्या गुणांपेक्षा किती वाढ केली त्यावर. तीनवरून सहावर गेलेला मुलगा नवावरच्या मुलीपेक्षा गटाला जास्त देतो हे कळल्यावर गटांत एकमेकांना विचारणं सुरू झालं. बीजगणितात जो हिशेब कोणाला सुटत नव्हता तो इथे सगळ्यांना चटकन सुटला.

रायझोबियमचा भाग सुरगाण्याच्या एका मुलीकडे आला होता. सोमवारी ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून हरभऱ्याची दोन रोपं घेऊन आली, मुळांसकट. गटात तिने एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी. हिरवट-करडी निघाली तर ती मेलेली, असं ती म्हणाली. हे पुस्तकात नाही. गाठीतल्या लेगहीमोग्लोबिन या लालसर प्रथिनामुळे ती गुलाबी दिसते आणि गुलाबी म्हणजे नत्र बांधण्याचं काम चालू आहे, हे बाईंनी नंतर जोडलं. पण त्याआधी त्यांनी वर्गाला थांबवून एवढंच सांगितलं की चालू गाठ आणि बंद गाठ ओळखणारी वर्गात सध्या एकच व्यक्ती आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी तिच्याकडे जावं. समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांच्या कामातला हा मुद्दा: गटात कोणाचं ऐकलं जाईल हे बरेचदा आधीच्या प्रतिष्ठेवर ठरतं, त्यामुळे शिक्षकाने नेमकं, खरं आणि सर्वांसमोर कौतुक केलं तर ती उतरंड हलते. 'छान, शाब्बास' याने हलत नाही. व्हरांड्यात त्या दोन रोपांभोवती वीस-पंचवीस जण वाकले होते, आणि मुळं धरायची कशी हे ती कोकणा बोलीतच सांगत होती.

म्होरक्याला वेगळं काही सांगितलं नाही. त्याच्याकडे वेळपालाचं काम दिलं, नऊही गटांचं. शिट्टी त्याच्याकडे. त्याने वेळ कडक पाळली. त्याच्या शिट्टीच्या काळात मधल्या बाकावरून आलेल्या दोन टोमण्यांवर तो हसला नाही, आणि तिसरा आला नाही.

काय बदललं, काय नाही

फेब्रुवारीत चार तासांची पुन्हा मोजणी केली. विज्ञानाच्या तासाला बोलणारे ६-७ वरून १९ ते २२ वर गेले होते. घटक चाचणीत २० पैकी नव्या मुलांची सरासरी ८ वरून ११ वर आली, जुन्यांची १२ वरून १३ वर. दोन चाचण्यांचे धडे वेगळे होते, तेव्हा या आकड्यांवर फार भार टाकू नये. हुशार मुलांचं नुकसान होईल ही पालकांची भीती मात्र खरी ठरली नाही. अभ्यासक्रम दोन आठवडे मागे पडला आणि जादा तास घ्यावे लागले.

गणिताच्या तासाला जानेवारीपर्यंत काहीच बदललं नाही. तीच मुलं, तोच वर्ग, दहा मिनिटांपूर्वी विज्ञानात बोलणारी मुलगी गणितात गप्प. संकोच मुलांच्या स्वभावात असता तर तो तास पाहून आला-गेला नसता. जानेवारीत गणिताच्या बाईंनी बाक-उत्तराची पद्धत उचलली, जिगसॉ नाही. ते योग्यच होतं, गणिताचे बहुतेक धडे जिन्यासारखेच असतात.

मुलींचे डबे वेगळेच राहिले. महापालिकेच्या शाळेतून आलेले दोन जण नाताळच्या सुमारास शाळा सोडून गेले. एकाच्या वडिलांची नोकरी गेली होती, दुसऱ्याचं कारण कळलं नाही. आणि 'माले' हे नाव गेलं नाही. तो मुलगा आता कबड्डीच्या संघात आहे आणि मैदानावर त्याला सगळे त्याच नावाने हाक मारतात. विचारल्यावर तो म्हणतो, काही वाटत नाही. वर्गशिक्षिकेने ते उत्तर तसंच नोंदवून ठेवलं आहे, खरं मानून नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

जूनमधला तो एक क्षण. बोली सुधारण्याऐवजी "कुठली पायरी समजली नाही?" एवढंच विचारलं असतं तर हशाला शिक्षकाची मोहर मिळाली नसती. नव्या वर्गाचे अलिखित नियम पहिल्या दोन आठवड्यांत ठरतात. शाळेने त्या नियमांना हात घातला तो ऑक्टोबरात.

चिठ्ठ्यांची मोजणी शिक्षकानेच करायला हवी होती, घरी बसून, नावांऐवजी आकडे टाकून. दोन संध्याकाळचं काम होतं. गैरहजर राहिलेली मुलगी परत आली ती वर्गशिक्षिका तिच्या घरी जाऊन आल्यावर, आणि वर्षभरात जिगसॉच्या गटाबाहेर ती फारशी बोलली नाही.

निरीक्षणात टोमणे मोजले गेले, वगळणं मोजलं गेलं नाही. टोमणा ऐकू येतो. बाकावर पिशवी ठेवून "इथे कोणीतरी बसणारे" म्हणणं ऐकू येत नाही, आणि मुलींच्या बाजूला तेच जास्त होतं. टिपणाच्या कागदावर त्यासाठी चौथी खूण हवी होती.

प्रकल्प शाळेच्या वेळेतच व्हायला हवेत हे सगळ्यात स्वस्त शहाणपण होतं. कोणाला किती वाजता घरी किंवा वसतिगृहात पोहोचावं लागतं, एवढा एक रकाना जूनमध्ये भरून घेतला असता तर 'कामचोर' हा शब्द वर्गात आलाच नसता. दुसऱ्या सत्रापासून प्रकल्पाला शनिवारचे दोन तास ठेवले आहेत.

दहावीचा हजेरीपट जूनमध्ये तयार झाला. त्यात जुने-नवे असा क्रम नाही, सगळी नावं आडनावाच्या अकारविल्ह्याने आहेत. क्रमांक १ सुरगाण्याच्या मुलाचा आहे.